आवाज एकीचा, पाय दुसरीचे

ऑपरेटरबाई पडल्या तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी पक्की कशी माहीत? तर पडल्या पडल्या बाईंनी पहिलं काम काय केलं असेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. कॉल कधी लागला आणि कधी तुटला हे टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तर हा कॉल चार वाजता तुटला. एक तास पन्नास मिनिटं बाई फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या फटीत, फरशीवर, हातात चहाची गाळणी धरून बसल्या होत्या.

मोडलं काहीच नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. हात टेकला की मनगट मुडपायचं, गुडघा दुमडला की मांडी थरथरायची. मग हाताला लागलं ते पातेल्याचं झाकण घेऊन त्या फरशीवर ठोकत बसल्या. खालच्या मजल्यावर पाववाली झोपली होती. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून बेकरीची भट्टी पेटवली होती तिनं, त्यामुळं आता बेकरी विकल्यावर ती दुपारची झोप अशी घ्यायची जशी सरकारनं मंजूर केलीय. तिला वाटलं, वर नळवाला आलाय. चार वाजता तिच्या डोक्यात शिरलं की नळवाला इतका वेळ काम करत नाही.

"अगं बये, खाली काय करतेस?" दारात उभी राहून पाववालीनं विचारलं.

"लग्न करतेय," बाई म्हणाल्या. "उचल आधी."

पाववालीनं काखेत हात घालून त्यांना पिठाच्या गोणीसारखं उचललं. विषय तिथंच संपला असता. पण पाववालीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत बाईंच्या मुलाला फोन गेला.

मुलगा आला तो तिसरा मजला चढून धापा टाकत आला. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. हा मोठ्या कंपनीत साहेब आहे, आणि घरातही मीटिंग घेतल्यासारखाच बोलतो. "आई, ऑप्शन एक, तू आमच्याकडं यायचं. ऑप्शन दोन नाही."

आता त्याचं घर वाईट नाही. तळमजला आहे, समोर बाग आहे. पण बाईंचा पलंग हॉलमध्ये, टीव्हीच्या मागं, वॉशिंग मशीनच्या शेजारी. आणि तिथं सकाळी नऊपर्यंत आवाज करायचा नाही. इथंच सगळी मेख होती. कारण बाई रोज सकाळी आठला 'टेस्टिंग' करतात. त्यांच्या बरोबरच्या रिटायर झालेल्या ऑपरेटर, आधी चौदा होत्या, आता नऊ. एकेकीला फोन लावायचा, "हॅलो, टेस्टिंग," म्हणायचं, तिकडून "लाइन चालू" असं आलं की ठेवायचा. पाच रिंगमध्ये उचलला नाही तर शेजारणीला फोन. अशा दोघी जणी बाईंमुळं वेळेवर दवाखान्यात पोचल्या. मुलाकडं मागं पंधरा दिवस राहिल्या होत्या तेव्हा हे काम त्यांनी संडासात बसून, तोंडावर टॉवेल धरून केलं होतं.

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग परत पडलीस तर?"

बाईंनी मुलाच्या पोटाकडं बघून "तुझंही वजन वाढलंय," असं सांगितलं.

तोडगा सुनेनं काढला. सून म्हणजे कमी बोलणारी, पण बोलली की कामाचं. एका क्लिनिकचं काहीतरी होतं. घरबसल्या म्हाताऱ्या माणसांना ताकदीचे व्यायाम. शिकवणारी मुलगी फोनच्या पडद्यावर, म्हातारं माणूस आपल्या घरी खुर्चीवर. आठवड्यातून चार दिवस. सामान पार्सलनं येतं. "सहा आठवडे करून बघू," सून म्हणाली. "आई जमिनीवर बसून कुणाच्या मदतीशिवाय उठल्या, तर राहतील इथं. नाही उठल्या, तर येतील आपल्याकडं. काय आई?"

बाईंना हो म्हणावंच लागलं. मुलानं तारीख लगेच मोबाईलमध्ये टाकली. सहाव्या आठवड्यातला रविवार, सकाळी अकरा.

खोकं आलं. त्यात रबराचे दोन लांब पट्टे, एक हिरवा, एक लाल. घोट्याला बांधायच्या वाळूच्या पिशव्या. आणि मोबाईल उभा करायचा स्टँड. पाववालीनं लाल पट्टा ताणून बघितला आणि तो सुटून थेट बाईंच्या चष्म्यावर बसला. मुहूर्त झाला.

पहिल्या दिवशी पडद्यावर मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, केस वर बांधलेले, पाठीमागं कपाट. "नमस्कार आजी!"

"आजी कुणाची?" बाई म्हणाल्या. "मला बाई म्हण."

"बरं बाई. तुमचा चेहरा खूप जवळ आहे, मला फक्त नाक दिसतंय. मोबाईल खाली ठेवा, स्टुलावर. मला तुमचे गुडघे आणि पावलं नीट दिसायला हवीत. चेहरा नाही दिसला तरी चालेल."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण बाईंनी ठेवलं.

खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, वर उचलायचा. बाईंनी उचलला. "छान!" मुलगी म्हणाली. "आता होल्ड करा."

बाईंनी पाय खाली ठेवला, मोबाईल स्टँडवरून काढला, आवाज बंद केला आणि टेबलावर उपडा घातला. मग त्या चहा पीत बसल्या. आता यात त्यांची काय चूक? अडतीस वर्षं ज्यानं ज्यानं 'होल्ड करा' म्हटलं त्याची लाइन बाईंनी होल्ड केली. होल्ड म्हणजे तिकडच्या माणसाला काहीतरी काम आहे, तो येईपर्यंत आपण मध्ये तोंड घालायचं नाही. हा धर्म आहे. चार मिनिटांनी त्यांना वाटलं, पोरगी फारच वेळ लावतेय, म्हणून मोबाईल सुलटा केला. पडद्यावर मुलगी रडकुंडीला आली होती, हातात दुसरा फोन, बहुतेक अॅम्ब्युलन्सचा नंबर शोधत होती.

"बाई! तुम्ही ठीक आहात ना? सगळं काळं झालं एकदम!"

"तूच होल्ड करा म्हणालीस."

"होल्ड म्हणजे पाय वर धरून ठेवा!"

"मग तसं म्हण ना. धरून ठेवा. उगीच एक्स्चेंजची भाषा कशाला वापरतेस जी तुला येत नाही?"

त्या दिवसापासून मुलगी 'धरून ठेवा' म्हणायला लागली आणि बाईंनी तिचं नाव 'मास्तरीण' ठेवलं. पाववालीला सांगताना मात्र म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. आवाजात खोट नाही. सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं तिनं, कळत होतं."

पहिला आठवडा झाला. दुसराही कसाबसा झाला. मांड्या अशा भरून यायच्या की बाई संडासातून उठताना सगळ्या पूर्वजांची नावं घ्यायच्या. तरी चाललं होतं. पण तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मास्तरीण म्हणाली, "बाई, आज आपण खुर्चीला धरून जमिनीवर बसायला शिकू."

बाईंनी खुर्ची धरली. एक गुडघा वाकवला. फरशी दिसली. आणि बाईंनी गुडघा परत सरळ केला. त्या एक तास पन्नास मिनिटांबद्दल त्यांनी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. 'लग्न करतेय' म्हणून उडवून लावलं होतं. पण त्या दुपारी फरशीवर बसल्या बसल्या त्यांनी मनात नवाच्या नऊ जणींना फोन लावून बघितला होता, आणि नवव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं होतं की आपल्याला 'टेस्टिंग' म्हणणारं कुणी नाही.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज दूधवाला यायचाय."

मंगळवारी गॅसवाला यायचा होता. मास्तरीण म्हणाली, "बाई, गुरुवारी कुणीच येणार नाही असं बघा."

बुधवारी बाई खाली पाववालीकडं गेल्या. तिच्या सोफ्यावर बसून तिच्या पायांकडं बघत राहिल्या. पाववालीचे पाय म्हणजे पाय. चाळीस वर्षं पिठाच्या गोण्या वाहिलेले. वय जवळपास तेच, जाडी जवळपास तीच.

"काय बघतेस मेले? डोळ्यांत औषध घाल."

"तुझ्याकडं करडा पायजमा आहे ना, माझ्यासारखा?"

"आहे. का?"

"आणि निळे मोजे?"

गुरुवारी अकरा वाजता स्टुलावर मोबाईल लागला. पडद्यात करडा पायजमा, निळे मोजे. खुर्चीवर पाववाली. तिच्या मागं, पडद्यात येणार नाही अशा कोपऱ्यात, कपाटाला टेकून, स्टुलावर बाई. आवाज बाईंचा, पाय पाववालीचे. एक्स्चेंजमध्ये याला क्रॉस कनेक्शन म्हणायचे आणि ते झालं की साहेब मेमो द्यायचा. इथं साहेबच नव्हता.

"चला बाई, खुर्चीवरून उठा, हात न लावता. एक."

पाववाली फटकन उठली. बाई मागून कण्हल्या, "आई गं!" तोपर्यंत पाववाली परत बसलीही होती.

"काय झालं? उशिरा आवाज आला."

"नेट स्लो आहे," बाई म्हणाल्या.

हा शोध मोठा होता. यानंतर काहीही झालं की नेट स्लो. बाई तोंडानं "दहा" म्हणायच्या आणि पाववाली आठव्याला असायची, नेट स्लो. पाववालीला शिंक आली आणि बाईंनी "माफ करा" म्हटलं, नेट स्लो. एकदा पाववाली खुर्चीवरून उठताना जोरात "हुप्!" म्हणाली, एकदम वेगळाच आवाज, तर बाई म्हणाल्या, "ऐकलंस का, लाइनमध्ये कुणीतरी घुसलंय." आणि धापा? धापा टाकण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. पहिली धाप हलकी, पाचवी जड, दहावी अशी की ऐकणाऱ्यानं पाणी आणावं. मुळात आवाजाचंच खाल्लं होतं बाईंनी आयुष्यभर. नवरा गेला त्याच्या तेराव्या दिवशी एक्स्चेंजच्या बोर्डवर बसल्या होत्या आणि दिवसभरात एकाही गिऱ्हाइकाला कळलं नव्हतं.

इकडं आकडे चढायला लागले. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता, ही दर आठवड्याची चाचणी. बाईंचा स्वतःचा आकडा होता पाच. तिसऱ्या आठवड्यात एकदम तेरा. चौथ्यात अठरा. क्लिनिकचं अॅप त्याचा चार्ट करून दर रविवारी मुलाला पाठवायचं. मुलाचा फोन आला, "आई, ग्रेट! तुझा ग्राफ बघून माझ्या ऑफिसातले लोक चाट पडले."

"मेहनत आहे बाबा," बाई म्हणाल्या. शेजारी पाववाली खुदखुदत होती.

पाववालीला तर मजाच यायला लागली होती. ती जिना दोन दोन पायऱ्या चढायला लागली. क्लास नसेल त्या दिवशीही लाल पट्टा मागायला यायची. आणि बाई? बाई अजून दोन्ही हातांनी कठडा धरून जिना उतरत होत्या. भाजी आणायला गेल्या तर पहिल्या मजल्यावर थांबून, कुणी बघत नाही ना बघून, पायरीवर बसत होत्या. एकदा तिथंच पाववालीनं त्यांना गाठलं.

"बये, परीक्षेच्या रविवारी तुझा मुलगा स्वतः येणार. खोलीत उभा राहणार. तेव्हा माझे पाय कुठून जोडणार आहेस?"

"बघू."

"काय बघू? दोन आठवडे राहिले. तू गेलीस तर मी कुणाच्या डोक्यावर बसू?" एवढं बोलून ती दोन दोन पायऱ्या चढत निघून गेली. वर जाऊन दार आपटलं. पाववाली दार आपटते तेव्हा ती रडणार असते, हे बाईंना पंचवीस वर्षांपासून माहीत आहे.

त्याच संध्याकाळी बाईंचा जुना फोन वाजला. मोबाईल नाही, घरचा, वायरचा. नंबर त्यांनी क्लिनिकच्या फॉर्मवर लिहिला होता.

"बाई, मी बोलतेय. मास्तरीण." तिला स्वतःचं नाव कळलं होतं तर. "एक शंका विचारायची होती. तुम्ही एक्स्चेंजमध्ये होता म्हणून."

"विचार."

"लाइन खराब असली की सगळंच उशिरा येतं ना? आवाज पण, चित्र पण?"

"तर काय."

"मग तुमच्याकडं कधी आवाज पुढं असतो, कधी पाय पुढं असतात. एकाच लाइनवर असं होतं का हो?"

बाईंनी कपाळावर हात मारला. अडतीस वर्षं! ज्या गोष्टीवरून त्या नव्या पोरींचे कान उपटायच्या, तीच गोष्ट त्यांना सुचली नव्हती. एका लाइनवर असं कधीच होत नाही. असं झालं तर लाइनी दोन आहेत.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात. आधी मला खरंच नेट वाटलं. मग त्या 'हुप्' म्हणाल्या."

"मुलाला सांगितलंस?"

"नाही. पण मी खोटे आकडे पण भरणार नाही. मागचे भरले ते मला माहीत नव्हतं म्हणून. आता जे होईल ते खरं लिहीन. आणि मुलाला तुम्ही सांगायचं. मी नाही."

"सांगते," बाई म्हणाल्या.

"आणि बाई, खाली बसायला भीती वाटते का?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग परत पहिल्या कानाला. "हो," त्या म्हणाल्या. माणसाचा चेहरा समोर असता तर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नसता.

"मग उद्या सकाळपासून रोज दोन वेळा. पूर्ण माणूस दिसला पाहिजे, नुसते पाय नाही. आणि त्या 'हुप्'वाल्या बाईंना शेजारी बसवा."

दुसऱ्या दिवशी तीस सेकंदांचा आकडा आला सहा. जमिनीवर बसताना बाईंनी पाववालीचा दंड असा धरला की तिथं चार बोटं उमटली. बसल्या एकदाच्या. उठणं मात्र काही केल्या होईना. त्या एकदम उठायला बघायच्या, सगळा जोर एकाच झटक्यात, आणि ढेपाळायच्या. तीन दिवस हेच. मास्तरणीनं हात टेकले नाहीत, पण तिचा आवाज दमला होता, बाईंना ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी मास्तरणीनं व्यायाम बाजूलाच ठेवला. "बाई, पूर्वी लांबच्या गावाला फोन कसा लावायचात?"

"ट्रंक कॉल. आपण पुढच्या एक्स्चेंजला लावायचा, तिथली ऑपरेटर तिच्या पुढच्या. चार-पाच ठिकाणी जोडत जोडत जायचा."

"एकदम नाही लागायचा?"

"एकदम कसा लागेल? वेडी का तू?"

"मग तुम्ही एकदम का उठताय?"

बाई फरशीवर बसल्या बसल्या पडद्याकडं बघत राहिल्या. पाववाली म्हणाली, "पोरीनं धरली बघ तुला."

मग जमिनीपासून उभं राहीपर्यंत पाच एक्स्चेंज ठरले. पहिलं, कुशीवर वळणं. दुसरं, कोपरावर येणं. तिसरं, दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात. चौथं, एक पाऊल पुढं आणि हात खुर्चीवर. पाचवं, वर. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, श्वास घ्यायचा, लाइन पक्की झाली का बघायची, मगच पुढं. बाई मोठ्यानं बोलायच्या, "एक लागलं. दोन लागलं." तिसऱ्याला कॉल बऱ्याचदा तुटायचा. मग परत पहिल्यापासून. चौथं लागलं त्या दिवशी पाववालीनं टाळ्या वाजवल्या आणि बाई दचकून परत खाली आल्या. त्यावरून दोघी अर्धा तास भांडल्या.

पाचवं लागलं ते परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी. एकदाच. शनिवारी नाही लागलं.

मुलाला सांगायचं मात्र राहिलं. पाचव्या आठवड्याचा चार्ट गेला तेव्हा त्यानं घाबरून फोन केला होता. "आई, अठरावरून सहा? काय झालं?" आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नेट स्लो होतं."

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मुलगा आणि सून आले. मुलाच्या काखेत घडी घातलेली रिकामी खोकी होती, सामान भरायची. परीक्षेआधीच! सुनेनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाहेर जिन्यात ठेवली. मास्तरीण पडद्यावर आली. पाववाली दाराजवळच्या वेताच्या स्टुलावर बसली, हात मांडीखाली दाबून, म्हणजे मदत करायला धावायचा मोह नको.

आधी खुर्ची. तीस सेकंदांत नऊ. मुलगा आपल्या मोबाईलमधल्या चार्टकडं बघून ओठ चावत होता.

मग जमीन. बाई खुर्ची धरून खाली गेल्या. पाय पसरून बसल्या.

"एक लागलं," बाई कुशीवर होत म्हणाल्या. "दोन लागलं."

तिसऱ्याला मनगट मुडपलं. त्या परत कोपरावर आल्या. मुलगा पुढं झाला, तशी मोबाईलमधून मास्तरीण कडाडली, "हात लावू नका!" इतका मोठा आवाज तिच्याकडं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मुलगा जागच्या जागी थबकला, साहेबाच्या साहेबानं हटकल्यासारखा.

बाईंनी श्वास घेतला. परत तिसरं. गुडघे फरशीवर थरथरत होते, पण लाइन धरून होती. चौथं. हात खुर्चीवर. खुर्ची एक बोट सरकली, पाववाली "अगं!" म्हणून अर्धी उठली आणि परत बसली. बाईंनी खुर्ची सरकायची थांबेपर्यंत वाट बघितली. मग दात खाऊन जोर लावला आणि उभ्या राहिल्या.

"पाच," त्या म्हणाल्या. आणि घड्याळाकडं बघितलं. "तीन मिनिटं चाळीस सेकंद."

पाववालीनं नाक ओढलं. सून हसत होती. पण मुलाचा चेहरा उतरलेलाच. तो पलंगावर बसला आणि आपला मोबाईल बाईंपुढं धरला. चार्टची रेघ डोंगरासारखी चढली होती आणि कड्यावरून कोसळली होती.

"आई, हे बघ. तू उठलीस, मान्य. पण दोन आठवड्यांपूर्वी तू अठरा वेळा उठत होतीस. आज नऊ. आज घामाघूम झालीस. इतक्या झपाट्यानं कुणाची ताकद जात नाही. काहीतरी आतलं दुखणं आहे. मी उद्याची डॉक्टरची वेळ घेतलीय. तुला एकटीला इथं ठेवून मला झोप लागणार नाही." मीटिंगमधला नव्हता तो आवाज.

बाईंनी पाववालीकडं बघितलं. पाववाली छताकडं बघायला लागली. आता पंचाईत बघा. पास होऊनही जायचं, ते स्वतःच चढवलेल्या आकड्यांमुळं. आणि खरं सांगावं तर मुलासमोर नाक कापायचं.

"ते अठरा माझे नाहीत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाय हिचे होते. मी मागं बसून धापा टाकत होते."

मुलाला कळायला वेळ लागला. त्यानं चार्टकडं बघितलं, पाववालीच्या पायांकडं बघितलं, परत चार्टकडं. "तू मला फसवलंस? मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला हा ग्राफ!"

"फसवलं. भीती वाटत होती फरशीची. पडले त्या दिवसापासून. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी तू मला गाडीत घातलं असतंस." बाई आता खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या, पण बसल्या नाहीत. "माझे खरे आकडे पाच, सहा आणि आजचे नऊ. दुखणं काही नाही. मी खालावले नाही रे, मी सुरुवातच उशिरा केली."

सुनेनं तोंडावर हात धरला होता. पण हसू बोटांमधून बाहेर आलं आणि मग तिला थांबवताच येईना. मुलगा तिच्यावर डोळे वटारून बघत होता, तरी ती हसत होती. "पाचाचे नऊ," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "तेही दोन आठवड्यांत. हा ग्राफ चढतोच आहे की. आणि जमिनीवरून एकट्या उठल्या. ठरलं होतं ते हेच ना?"

मुलानं आपला मोबाईल खिशात टाकला. बाई अजून उभ्याच. त्या बसत नव्हत्या, कारण बसल्या तर हा म्हणेल दमली.

"हे व्यायाम बंद करायचे नाहीत," तो म्हणाला. "आणि पूर्ण माणूस दिसला पाहिजे. डोक्यापासून पायापर्यंत. एकच माणूस."

"म्हणजे राहू मी?"

"राहा. आता बस खाली. खुर्चीवर म्हणतोय, खुर्चीवर!"

बाई बसल्या. पाववाली मात्र उठून थेट मोबाईलपाशी गेली आणि पडद्यात नाक घालून म्हणाली, "अहो मास्तरीणबाई, ते अठरा माझे होते. हिच्या चार्टमधून काढलेत तर टाकणार कुठं? मी काय फुकट घाम गाळला?"

"तुमच्या नावानं वेगळा फॉर्म भरावा लागेल," मास्तरीण म्हणाली. ती हसू दाबत होती, बाईंना ऐकू आलं. "भरूया आत्ताच. वय सांगा."

"बासष्ट," पाववाली म्हणाली.

"एकोणसत्तर," मागून बाई म्हणाल्या.

"तू गप गं! तुला कुणी विचारलं?"

"कुणी बोलतंय का मध्ये?" मास्तरणीनं विचारलं. "मला दोन आकडे ऐकू आले. कुठला लिहू?"